जादा गाडी

ट्रंक दत्तूच्या डोक्यावर होती आणि मी मोकळ्या हातांनी त्याच्या मागून चाललो होतो. घर सोडलं त्या दिवसाचं माझ्याकडे उरलेलं पहिलं चित्र हेच. बहात्तर सालचा जून होता, पण जूनसारखं काहीच नव्हतं. आभाळ पांढरंफटक, रानं उघडी. दत्तू माझा चुलतभाऊ, माझ्याहून चार महिन्यांनी मोठा. चढावर त्याची मान ट्रंकेखाली ताठ झाली होती आणि तशातही त्याची चौकशी चालू होती. "सोलापुरात भाकरी मिळती का रं, का नुसता पाव?" मी ऐटीत "मिळती की" म्हणालो. मला काय माहीत! आमच्या वस्तीवरून कॉलेजला निघालेला मी पहिलाच.

हे मी लिहितोय ते वस्तीवर मागे राहिलेल्यांसाठी, आणि माझ्यासारखी दुसऱ्याच्या डोक्यावर ट्रंक देऊन ज्यांनी ज्यांनी घर सोडलं त्यांच्यासाठी. दत्तू गेल्या वर्षी गेला. लिहू नको असं तो कधी म्हणाला नव्हता, पण तो असेपर्यंत माझा हात चालला नाही.

आमची वस्ती करकंबपासून दोन कोसांवर. घरं आणि विहीर खाली खोलगटात, डांबरी रस्ता वर चढावर. विहीर दोघा भावांची, म्हणजे माझे वडील आण्णा आणि दत्तूचे वडील तात्या यांची. चार वर्षांपूर्वी वाटणी झाली तेव्हा जमीन दोन झाली, पण विहीर आणि तिच्यावरचं इंजिन सामाईक राहिलं. पाणी दिवसाआड. आज तात्यांच्या रानाला, उद्या आमच्या. पाळी नेमकी कधी बदलायची यावरून सुरुवातीला रोज कटकट व्हायची. तात्यांच्या मनगटावर घड्याळ होतं, त्याच्यावर आण्णांचा विश्वास नव्हता. आण्णा सावली बघून वेळ सांगायचे, त्या सावलीवर तात्यांचा नव्हता. शेवटी दोघांनी मिळून एस.टी.ला पंच नेमलं. बार्शीहून पंढरपूरला जाणारी गाडी चारच्या सुमाराला आमच्या चढावर थांबायची. ती आली की पाटाचं तोंड फिरवायचं. उशिरा आली तर ज्याची पाळी त्याचं नशीब, पण गाडी सरकारची, तिच्याशी हुज्जत नाही.

विहिरीवरून रस्ता दिसत नसे आणि इंजिनाच्या फटफटीत गाडीचा आवाज नीट कळत नसे. म्हणून चढावर उभं राहून हाक द्यायचं काम आम्हा पोरांकडे आलं. "गाडी आलीऽऽ!" एवढंच ओरडायचं. एकदा हाक आली की आण्णा असोत की तात्या, हातातलं टाकून पाटाकडे जायचे. पोरं खोटी हाक देतील, असं त्या दोघांच्या कधी मनात आलं नाही. आमच्याही आलं नाही, त्या दिवसापर्यंत.

दत्तूनं ट्रंक रस्त्याकडेला ठेवली, मान चोळली आणि "जातू. शेळ्यांना पाला काढायचाय" म्हणून खाली उतरला. त्याला रडताना दिसायचं नव्हतं, एवढं मला कळलं. मी एकटाच उभा राहिलो. सव्वातीन झाले असतील. पाणी तात्यांच्या कडवळाला, म्हणजे चाऱ्याच्या ज्वारीला, चाललं होतं. गाडी आली की ते आमच्या उसाकडे वळायचं. चढावरून तो ऊस दिसत होता, टोकाकडून पिवळा पडत आलेला. त्या दिवशी करकंबचा बाजार होता आणि बाजारासाठी सोडलेली एक गाडी आधीच आली. ती पंढरपूरलाच निघाली होती, म्हणून मला चालणार होती. तिच्या काचेवर खडूनं लिहिलेलं होतं: जादा.

मी ते वाचलं. हे मी स्पष्ट लिहून ठेवतो, कारण पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की गडबडीत वाचलं नव्हतं. मी वाचलं, पुन्हा एकदा उसाकडे बघितलं, आणि जाता जाता आण्णांना तासभर पाणी जास्त मिळेल असं वाटलं. दोन्ही हात तोंडाशी धरून मी ओरडलो, "गाडी आलीऽऽ!" मग ट्रंक ओढून वर चढवली आणि खिडकीशी बसलो. मला फार बरं वाटत होतं.

आठ दिवसांनी सोलापुरात मला पोस्टकार्ड आलं. अक्षर दत्तूचं. "तात्या वारले. आण्णांना पोलिसांनी नेले. तू येऊ नको. कॉलेज बुडवू नको."

बाकीचं मला तुकड्यातुकड्यानं कळलं. मी गेल्यावर तासाभरानं खरी बार्शी गाडी आली. तिच्यातून उतरलेला कुणी ओळखीचा माणूस पाणी प्यायला विहिरीवर गेला आणि सहज म्हणाला की आत्ताच बार्शी गाडीनं आलो. तो गेल्यावर तात्या हुकलेल्या तासाचा जाब विचारायला पाटाकडे आले. पाण्याचं तोंड आमच्या रानाकडे होतं आणि आण्णा तिथं खोरं घेऊन उभे होते. एका खोऱ्याला दोघांचे चार हात. ओढाताणीत तात्या मागे सरकले, विहिरीच्या काठाचे ढिले दगड सुटले आणि ते खाली गेले. त्या वर्षी विहिरीत कमरेएवढंही पाणी नव्हतं, बाकी सगळा खडक.

मी गेलो नाही. कार्डावर येऊ नको असं लिहिलं होतं, आणि मी ते अक्षरशः पाळलं.

माझी खोली सात रस्त्याच्या पलीकडे एका विणकराच्या घरात होती. पुढच्या खोलीत दोन माग, मागच्या खोलीत मी. घरातली मंडळी आपसात तेलुगू बोलायची, माझ्याशी मोडकं मराठी. माग दिवसभर चालायचे आणि त्यांच्या तालात मी पाठांतर करायचो. गिरणीच्या भोंग्यावर सगळं शहर उठायचं, जेवायचं, कामाला जायचं. भोंग्याला हाक देणारा कुणी लागत नाही याचं मला सुरुवातीला फार नवल वाटलं, मग हेवा वाटायला लागला. स्टँडकडे जाणारी एस.टी. मात्र कधीही दिसली की मी आधी तिच्या काचेकडे बघायचो.

खटला उभा राहीपर्यंत आण्णा सोलापूरच्याच जेलमध्ये होते. कॉलेजपासून चालत वीस मिनिटं. मी महिन्यातून एकदा जाळीच्या अलीकडे उभा राहायचो. ते विचारायचे, "अभ्यास चाललाय न्हवं?" मी म्हणायचो, "व्हय." "मग झालं." तीनदा मी ठरवून गेलो की आज सांगायचं. तिसऱ्या वेळी तोंड उघडलंसुद्धा. "आण्णा, त्या दिवशीची गाडी..." त्यांनी जाळीवर बोट टेकलं. "गाडी आली व्हती. मी आवाज ऐकला. तू गप शिक." मला वाटलं, त्यांचा खरोखरच तसा समज आहे. तो मोडायचा कशाला, असं म्हणून मी सुटका करून घेतली.

इतिहासाला आमचे एक सर होते, बुटके, पांढऱ्या लेंग्यातले, खडूनं माखलेले. अमेरिकेच्या इतिहासाचा पेपर त्यांच्याकडे होता. ज्या देशाची लाल मिलो ज्वारी त्या दुष्काळात आमच्या चुलीपर्यंत पोचली होती, त्याचा इतिहास पोरं तोंडी लावण्यापुरता शिकत. सर मात्र जीव तोडून शिकवायचे. फळ्याच्या मधोमध उभी रेघ मारायचे. डावीकडे तात्कालिक कारण, उजवीकडे मूळ कारण. डावीकडे चहावरचा कर, उजवीकडे दूर बसलेल्यांनी आपला कारभार चालवावा का हा प्रश्न. डावीकडे किल्ल्यावर उडालेली पहिली तोफ, उजवीकडे गुलामगिरी. "ठिणगी कुणी टाकली हे पोलीस विचारतात," सर म्हणायचे. "तिथं कडब्याची गंज कुणी रचली, हे तुम्ही विचारायचं."

हे वाक्य ऐकलं आणि मी वहीतून मान वर केली. कडब्याची गंज! ती तर मला पाठ होती.

आम्ही दोघं सातवीत असतानाची गोष्ट. वाटणी अजून व्हायची होती. मास्तर म्हणाले होते, दोन्ही पोरं हुशार आहेत, त्यातही दत्तूचा नकाशा काढायला हात चांगला आहे. पण घरानं दोघांना शिकवायचं म्हणजे रान कुणी बघायचं? ओट्यावर आण्णा आणि तात्या बसले. मला लहानपणापासून दम्याचा त्रास. तात्यांनीच निकाल दिला, "ह्याला मोट झेपायची न्हाय. ह्यालाच शाळंत घाला." स्वतःच्या पोराला त्यांनी स्वतःच्या तोंडानं घरी बसवलं. दत्तूनं दुसऱ्या दिवशी आपली कंपासपेटी मला आणून दिली. पुढं घर फुटलं तेव्हा हेच तात्या पंचांपुढं म्हणाले, "जमीन वाटली, बैलं वाटली, भांडी वाटली. शाळा कशी वाटायची त्येबी सांगा की." कुणीच काही बोललं नाही. त्यानंतर पाण्यावरून, बांधावरून, कोंबडीवरून जी जी भांडणं झाली, ती सगळी खरं म्हणजे त्या एका न दिलेल्या उत्तराची होती. मूळ कारण सापडलं म्हणून मला समाधान वाटलं. त्या समाधानाची मला आज शिसारी येते.

कोर्टात मी मागच्या बाकावर बसलो होतो. सगळा पेच एका तासाचा होता. गाडी यायच्या आधी आण्णांनी पाणी का वळवलं? मुद्दाम फसवणूक, की समजुतीचा घोटाळा? आमच्या वकिलांनी आण्णांना पुन्हा पुन्हा विचारलं की रस्त्यावरून कुणी हाक दिली होती का. आण्णा प्रत्येक वेळी "न्हाय, मला आवाज आल्यावानी वाटलं" एवढंच बोलले. मग दत्तूला विचारलं. तो पिंजऱ्यात उभा होता, बापाच्या मरणाचा साक्षीदार, अंगात तात्यांचाच सदरा. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. "वारं लई व्हतं. हाक काय ऐकू आली न्हाय." त्या क्षणी मी सुटकेचा निःश्वास टाकला. मी उभं राहून "हाक मी दिली" म्हणालो असतो तर आण्णांची शिक्षा कदाचित कमी झाली असती, आणि माझं कॉलेज कदाचित तिथंच संपलं असतं. मी बसून राहिलो. आण्णांना पाच वर्षांची शिक्षा झाली. त्याच आठवड्यात माझा पेपर होता. अमेरिकेच्या इतिहासातील निरनिराळ्या युद्धांच्या मूळ कारणांची तुलना करा. मी पुरवण्यांवर पुरवण्या घेतल्या. वर्गात पहिला आलो.

पुढची शर्यत मी त्याच जोरावर धावलो. शिष्यवृत्ती मिळाली आणि शहात्तरच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत पोचलो. आण्णा तेव्हा पुण्याच्या तुरुंगात होते. त्या देशाला दोनशे वर्षं झाली होती, जिथं तिथं झेंडे, दुकानातल्या बिस्किटांच्या डब्यांवरसुद्धा झेंडे. मी एका छोट्या गावातल्या अपार्टमेंटमध्ये राहायचो, तळघरातल्या लाँड्रीत कपडे धुवायचो, सेमिस्टरभर टीचिंग असिस्टंट म्हणून पोरांना शिकवायचो. खिडकीबाहेर नोव्हेंबरपासून स्नो. आई शेजारच्या, शाळेत जाणाऱ्या पोराकडून एअरोग्राम लिहून घ्यायची. एकात तिनं विचारलं होतं, "तितली मानसं ती लाल मिलो खात्यात का रं? खाऊ नको, पोट दुखतं." मी उत्तर लिहिलं की इथं ती जनावरांना घालतात, आणि मग ते पत्र फाडून दुसरं लिहिलं.

वर्गात मीही फळ्यावर उभी रेघ मारायचो. एकदा व्हिएतनामचा तास होता. दाराजवळ एक विद्यार्थी बसायचा, माझ्याहून वयानं मोठा, लढाईवरून परत आलेला. त्याचा धाकटा भाऊ तिकडेच राहिला होता. मी उजवी बाजू भरत गेलो. साम्यवादाची भीती, वसाहतींचा वारसा, दोन महासत्तांची चढाओढ. तो उठून उभा राहिला आणि शांतपणे म्हणाला की तुम्हा शिकलेल्या लोकांना ही उजवी बाजू फार आवडते, कारण मूळ कारणाला कुणी तुरुंगात टाकत नाही. मग तो वर्गाबाहेर गेला आणि परत कधी आला नाही. मी खडू हातात धरून उभा राहिलो. वर्गाला वाटलं की परक्या देशातला माणूस आहे, घाबरला. त्या दिवसापासून मला वर्गाच्या मागच्या बाकावर खोरं घेतलेले आण्णा दिसायला लागले. वेड लागलं होतं असं नाही. मी शिकवायचो, जेवायचो, हसायचोही. ते फक्त तिथं बसलेले असायचे, अभ्यास चाललाय ना ते बघत.

आण्णा सुटून वस्तीवर गेले आणि दोन पावसाळ्यांनी वारले. एकोणऐंशी साल. तार मला उशिरा मिळाली, तिकिटाची जुळवाजुळव करून मी पोचलो तेव्हा दहावा झालेला होता. आई भिंतीला टेकून बसली होती. मी विचारलं, अग्नी कुणी दिला? ती म्हणाली, "दत्तूनं. दुसरं हाय कोन?" मडकं त्यानं धरलं होतं. ज्यांच्या हातून त्याचा बाप गेला, त्यांच्यापुढं तो मडकं घेऊन चालला होता. त्याची आई, माझी काकू, माझ्या आईशी तात्या गेल्यापासून एक शब्द बोलली नव्हती, पण दत्तू सात वर्षं दोन्ही रानं कसत होता आणि दोन्ही चुलींना जळण टाकत होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी विहिरीवर गेलो. दत्तू पाटातला गाळ काढत होता. सव्वीस-सत्तावीसच वय, पण कानशिलं पांढरी. त्यानं खोरं ठेवलं, हात धुतले आणि माझ्याशेजारी बसला. मी सांगायलाच आलो होतो. पण तोच आधी म्हणाला, "येवढी वर्सं काय शिकलास, ते तरी सांग."

"लढाया."

"लढाया? कुनाच्या?"

"अमेरिकेच्या. त्या कशामुळं झाल्या ते."

"मग सांग की. हितं कुनाला घाई हाय?"

मी सांगायला लागलो. पहिली लढाई चहाच्या करावरून. त्यानं मान हलवली. "चहा निमित्त. कारभारी कोन, हे भांडान." दुसरी घरातलीच. अर्धा देश गुलामांच्या राबण्यावर उभा, नवीन जमिनीवरही तीच पद्धत न्यायची की नाही यावरून पेटलेली. दत्तू म्हणाला, "एकानं राबायचं आन् दुसऱ्यानं मोठं व्हायचं. किती दिस चालंल त्ये?" त्याला टोमणा मारायचा नव्हता, तो खरंच त्या लोकांबद्दल बोलत होता. गुलामाचे हाल आणि आमच्या घरची वाटणी यांची तुलना होऊ शकत नाही, हे मला कळतं. तरी मला वर बघवलं नाही. मग मेक्सिकोची. दोन नद्यांच्या मधला पट्टा, तो म्हणतो माझा, हा म्हणतो माझा, यानं मुद्दाम फौज नेऊन तिथं बसवली. दत्तू हसला. "बांध कोरला म्हन की." मग क्युबाच्या बंदरात फुटलेलं जहाज. फुटलं ते कदाचित स्वतःच्याच कोळशाच्या आगीनं, पण ओरड झाली ती शत्रूनं फोडल्याची.

शेवटी व्हिएतनाम. मी सांगितलं की समुद्रात यांच्या जहाजांवर एकदा हल्ला झाला. दोन दिवसांनी पुन्हा झाला अशी बातमी आली. पण दुसऱ्यांदा बहुतेक काहीच झालं नव्हतं. अंधार, लाटा, कुणाला तरी वाटलं. वरच्या लोकांना शंका होती, तरी त्यांनी जगाला ओरडून सांगितलं की झाला. आणि त्या हाकेवर पोरं मरायला गेली.

दत्तू पाटातल्या पाण्याकडे बघत होता. "म्हंजे जादा गाडी," तो म्हणाला.

माझ्या कानात इंजिन सुरू झाल्यासारखं झालं. इंजिन बंद होतं.

"मी चढाच्या बाभळीवर व्हतो," दत्तू म्हणाला. "पाला काढत. वरनं रस्ता दिसतो की. काचंवरचं मी वाचलं. सातवीपतोर मीबी शिकलोय."

"मग कोर्टात का नाही बोललास?"

त्यानं पाटाकडेची एक काडी उचलली. म्हणाला, "आण्णांनाबी ठावं व्हतं. तो पाव्हना बार्शी गाडीचं बोलून गेला, तवाच त्येंचं तोंड उतरलं. दादा, त्यो तासभर परत द्याया आण्णा पाटाचं तोंड फिरवायलाच निगालं व्हतं. तेवड्यात तात्या आलं. म्हनालं, तुज्या पोरानं खोटी हाक दिली. शिकवून ह्येच केलंस का? मी पळत येत व्हतो, माज्या कानांनी ऐकलं. आण्णांनी खोरं घट धरलं आन् म्हनालं, माजं पोरगं खोटं बोलत न्हाय. तितनं फुडं वढावढ."

दत्तू मला दादा म्हणाला होता. माझ्याहून मोठा असून. शिकलेल्याला तसं म्हणायची आमच्याकडे रीत आहे. मी ओक्साबोक्शी रडलो. आण्णा पाण्यासाठी नव्हतेच भांडले. खोटं आहे हे कळूनही ते माझ्या शब्दासाठी उभे राहिले, आणि मग पाच वर्षं त्या शब्दाची चौकशी होऊ दिली नाही. मी त्यांना वाचवायला उठलो नाही, आणि ते मला वाचवत बसले होते.

दत्तूनं मला रडू दिलं. मग खाली मातीवर काडीनं एक उभी रेघ ओढली. ती मीच मघाशी त्याला दाखवली होती. "आता माजं सांग. काचंवरचं दिसलं तवा मी वरडाया पायजे व्हतं, ही न्हवं ती गाडी म्हनून. न्हाय वरडलो. म्हनलं, चाललंय पोरगं, जाऊ दे तासभर पानी. तात्यांचंच पानी व्हतं, माज्या बापाचं. मग मला ह्या बाजूला लिव्हशील का त्या?"

एवढ्या लढायांची कारणं शिकलो, आणि त्याला कुठल्या बाजूला लिहू हे मला सांगता येईना.

"आपल्या दोघांनाबी बोलता आलं असतं," मी म्हणालो. "कोर्टात तरी. तू का नाही बोललास, दत्तू? तुझा बाप गेला होता."

त्यानं काडी टाकली. "बोललो असतो तर तुला परत यावं लागलं असतं. मग काय ऱ्हायलं असतं? बाप गेलाच व्हता." तो उठला आणि त्यानं खोरं उचललं. "माज्या वाटची शाळा तुज्याकडं व्हती. ती कशी बुडवू?"

मी परत निघालो त्या दिवशी बॅग माझी मीच उचलली. आई दारात उभी होती, काकू तिच्या दारात. चढ चढताना मला धाप लागली, दोनदा थांबावं लागलं. वर पोचलो आणि वळून बघितलं. खाली दत्तू पाटावर होता. पाळी वगैरे कधीच संपली होती, दोन्ही रानं तोच भिजवायचा. हाक द्यायची गरज कुणालाच उरली नव्हती.

आता मी अमेरिकेतच निवृत्त झालोय. इथं नव्यानं भेटणारे विचारतात, तुमचं घर कुठलं? मी सोलापूर म्हणतो, ते मान डोलावतात. माझी मुलं म्हणतात, डॅडचं होम म्हणजे इंडिया. पण माझं घर त्या चढाएवढंच आहे. तिथं उभं राहून मी एकदा खोटं बोललो, आणि खाली आण्णांनी आणि दत्तूनं आपापल्या परीनं ते खरं करून घेतलं. तात्यांसकट त्यांच्यातलं आता कुणीच नाही.

एकोणऐंशीत परत निघालो त्या दिवशी गाडी चारला दहा कमी असताना आली. मी रस्त्याच्या मधोमध जाऊन तिची पाटी वाचली. बार्शी–पंढरपूर. कंडक्टर "चला, चला" करत होता. मी पुन्हा एकदा वाचली. मग बॅग खाली ठेवली, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि होता नव्हता तेवढा दम लावून ओरडलो, "गाडी आलीऽऽ!"

खाली दत्तू थांबला. त्यानं वर बघितलं, खोरं उचललं आणि पाण्याचं तोंड आमच्या रानाकडे फिरवलं.